बांगडीवाल्याची सायकल

आमच्या घरात कपबशी फुटे, माठ फुटे, परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकाही फुटत. पण बांगडी कधी फुटत नसे. ती ‘वाढे’. कासाराच्या घरची ही बोलण्याची रीत. सवाष्णींच्या हातात चुडा भरणाऱ्या माणसाच्या तोंडी अभद्र शब्द येऊ नये, म्हणून पूर्वजांनी केलेली ही सोय. दिवेलागणीला वडील सायकल ओट्याशी टेकवीत, तेव्हा आई पाण्याचा तांब्या पुढे करून एकच प्रश्न विचारी,

“आज किती वाढल्या?”

वडील काही बोलत नसत. खांद्यावरच्या पंचाची गाठ सोडून हिरव्या, लाल, मोरपंखी काचांचे तुकडे परातीत ओतीत. त्या आवाजावरूनच आईला दिवसाचा हिशेब कळे. भाजी काय होणार, हे आम्हा मुलांनाही कळे.

त्या तुकड्यांची आनंदाने वाट पाहणारे घरात एकच माणूस होते, आणि ते म्हणजे माझी धाकटी बहीण. काचापाणी खेळायला तिला वाटेल तितक्या काचा मिळत. दिवाळी जवळ आली की पणतीच्या ज्योतीवर ती तुकडे तापवी, ते नरम झाले की वाकवून एकात एक अडकवी आणि त्यांची लांबलचक माळ करून देव्हाऱ्यावर सोडी. गल्लीत एवढी लांब माळ कुणाकडे नसे. वडिलांचे नुकसान जेवढे मोठे, तेवढी तिची माळ लांब. हे तिला कळत नव्हते आणि आम्ही तिला कधी कळू दिले नाही.

वाचकहो, या अंकात मला इतिहास लिहायचा आहे आणि मी घरातल्या गोष्टी सांगत बसलो आहे, असे आपणांस वाटेल. पण ज्या वस्तूचा इतिहास मला सांगायचा आहे, ती मला प्रथम याच परातीजवळ भेटली. ती म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाची स्प्रिंग.

वडिलांचा फेरा नाशिकहून गिरणाऱ्याच्या बाजूला असे. पंचवटीतून भल्या पहाटे निघायचे, वाटेवरची गावे घ्यायची, आठवडे बाजार असेल तिथे दिवसभर बसायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे. एस.टी.च्या टपावर पेटी चढवली की ती चढवताना आणि उतरवताना जे व्हायचे ते होई. म्हणून सायकल बरी. माल फिरोजाबादचा. दोन-चार, दोन-सहा अशा मापांच्या माळा सुतळीत ओवून, गवताच्या थरांत बसवून, लाकडी पेटीत रचलेल्या असत. काही पेट्या मागच्या कॅरिअरवर आणि नाजूक नक्षीच्या बांगड्यांची पेटी पुढच्या कॅरिअरवर, नजरेसमोर. डांबरी सडक संपून खडी लागली की वडील खाली उतरून चालू लागत. बांगड्या सायकलवर आणि धनी पायी, अशी ती वरात असे.

“बसून का जात नाही?” असे मी एकदा विचारले. वडील म्हणाले, “धक्का कुणीतरी सोसायचाच असतो. माझं हाड चिवट आहे, काच नाही.”

पुढे मास्तरकी पत्करली आणि मुलांना इतिहास शिकवता शिकवता चाकाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा वडिलांचे हे वाक्य मला पदोपदी आठवले. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, कादंबऱ्या लिहितो त्याही अनुभवाच्या शिदोरीवर. त्यामुळे विद्वानांसारखे सिद्धान्त मांडणे मला जमत नाही. पण वाहनांचा सगळा इतिहास रस्त्याचा धक्का कुणी सोसायचा, या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे मला वाटते.

पॅरिसमध्ये १८६०च्या दशकात मिशो नावाच्या कारागिराच्या कारखान्यातून पायटे लावलेल्या दुचाक्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांची चाके लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव असे. आपल्या बैलगाडीचेच चाक म्हणा ना! इंग्रजांनी या वाहनाला ‘हाडे खिळखिळी करणारे’ असे नावच देऊन टाकले. बैठक एका लांब पोलादी पट्टीवर बसवलेली असे, तेवढाच काय तो दिलासा. पुढे उंच चाकाची सायकल आली. मोठे चाक लहान खड्ड्यांवरून सहज निघून जाई. पण स्वार इतका उंच बसे की पडला तर तोंडावरच. म्हणून १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्रीत सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. आज आपण जिला सायकल म्हणतो तिची ही आजी. पडण्याची भीती गेली, पण चाक लहान झाल्यामुळे हादरे मात्र वाढले!

त्यावर इलाज म्हणून स्प्रिंगच्या सायकली निघाल्या. लिन्ले आणि बिग्ज या इंग्रज जोडीने ‘व्हिपेट’ नावाची सायकल केली. तिच्यात बैठक, हँडल आणि पायटे ही तिन्ही एका वेगळ्या चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगवर टांगली होती. चाके खाली कितीही नाचोत, स्वार आपला झोपाळ्यावर! ही युक्ती आणखी पुढे गेली असती. पण मध्येच बेलफास्ट शहरातल्या एका बापाने सारा डाव उलटवला.

हा बाप म्हणजे जॉन बॉयड डनलॉप. धंदा गुराढोरांच्या डॉक्टरचा. मुलाची तीनचाकी दगडी फरशीवर खडखडते, पोराला त्रास होतो, हे पाहून त्याने रबराच्या पातळ पत्र्याची नळी केली, तिच्यात हवा भरली आणि ती कापडात गुंडाळून लाकडी चकतीवर बसवली. मग अंगणात एकदा जुने चाक आणि एकदा हे हवेचे चाक घरंगळत सोडून पाहिले. हवेचे चाक कितीतरी लांब गेले. ही १८८७-८८ सालची गोष्ट. रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने हीच कल्पना १८४५ सालीच नोंदवून ठेवली होती. पण तेव्हा तिला विचारणारे कुणी नव्हते. १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या टायरवाला जिंकला आणि थोड्याच वर्षांत स्प्रिंगच्या सायकली बाजारातून दिसेनाशा झाल्या. मूठभर हवेने जे काम होते त्याला शेरभर लोखंड कोण वापरणार?

त्याच १८८८ सालापासून आपल्याकडचे किर्लोस्कर घराणे आपल्या उद्योगाचा आरंभ मोजते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, आणि त्यांचे पहिले दुकान होते बेळगावात, सायकलींचे. नांगर, कडबा कापायचे यंत्र, १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी हे सारे नंतरचे. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्योगाच्या मुळाशी एक मास्तर आणि एक सायकल आहे, हे वर्गात सांगताना माझी छाती उगीचच दोन इंच फुगते.

हवेने धक्का गिळला खरा. पण सगळा नाही. आपली काळी सायकल ओझ्याची. ओझे लादले की टायर ठणठणीत भरावा लागतो. कमी भरला तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि पंक्चर होते. पण ठणठणीत भरलेला टायर दगडासारखा. म्हणजे ज्याला हवेच्या मऊपणाची सर्वांत जास्त गरज, त्या ओझेवाल्यालाच तो मिळत नाही. इतिहास पुष्कळदा असाच वागतो.

१९९४ साली मी मॅट्रिकची परीक्षा दिली आणि निकालापर्यंत मोकळा झालो. पंचवटीत एका सायकलवाल्या काकांच्या दुकानात मी रोज जाऊन बसे. तिथे भंगारात पडलेली एक लुना होती. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली रस्त्यावर आणलेली ही चिमुकली गाडी महाराष्ट्रातल्या कितीतरी मास्तर-कारकुनांचे पहिले यांत्रिक वाहन. तिच्या पुढच्या चाकाच्या स्प्रिंगा शाबूत होत्या. त्या हातात घेऊन मी म्हणालो, “काका, या आमच्या सायकलला बसतील का?”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बसतील. पण चिमटा म्हणजे सायकलचं नाक. मोडला की माणूस थेट तोंडावर. खेळ नाही करायचा.”

पहिला विचार मोटारसायकलसारखा, नळीत नळी सरकणारा चिमटा करायचा झाला. काकांनी तो लगेच मोडीत काढला. भंगारातल्या दोन नळ्या एकमेकींत कधी नेमक्या बसत नाहीत. सैल असल्या तर चाक डुगडुगते, घट्ट असल्या तर धुळीने अडकतात. त्याऐवजी त्यांनी जुनी, सोपी रीत निवडली. चिमट्याच्या दोन्ही पायांच्या टोकांना चार चार इंचांच्या जाड लोखंडी पट्ट्या खिळीवर फिरत्या बसवायच्या. पट्टीचे मागचे टोक चिमट्याला, पुढच्या टोकात चाकाचा आस, आणि पट्टीच्या मधोमध स्प्रिंग उभी करून तिचे वरचे टोक चिमट्याला टेकवायचे. चाक वर उचलले गेले की पट्टी फिरते आणि स्प्रिंग दबते.

लुनाची स्प्रिंग सायकलला फार कडक, अशी मला शंका. काकांनी तिथल्या तिथे मला तरफेचा धडा दिला. स्प्रिंग पट्टीच्या मध्यावर असल्याने चाकावरच्या वजनाचा तिच्यावर दुप्पट दाब येतो. शिवाय ती जेवढी दबते त्याच्या दुप्पट चाक हलते. दुप्पट गुणिले दुप्पट. म्हणजे चाकाला ती चौपट नरम वाटते. शाळेत तरफेचे तिन्ही प्रकार मी घोकले होते, पण तरफ म्हणजे काय ते त्या दिवशी कळले. मग वडिलांना पेटीसह सायकलवर बसवून, वाण्याच्या मोठ्या काट्यावर फक्त पुढचे चाक ठेवून वजन घेतले. अडतीस किलो भरले. एवढ्या वजनाने स्प्रिंग तिच्या एकूण दबण्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी बसली पाहिजे, असा काकांचा ठोकताळा होता. अजिबात न बसणारी स्प्रिंग खड्ड्यात चाक खाली सोडत नाही. फार बसणारी धक्क्याच्या वेळी तळाला जाऊन आपटते.

सायकलचा चिमटा खाली पुढे वाकलेला असतो. तो तसाच ठेवून पुढे पट्ट्या जोडल्या असत्या, तर चाक फार पुढे जाऊन हँडल चंचल झाले असते. म्हणून वाकलेली टोके कापून पाय सरळ केले. पट्ट्यांमुळे आस पुन्हा पहिल्या जागी आला. जोड विजेच्या वेल्डिंगने न करता गॅसवर पितळेचा डाग देऊन केले, कारण विजेने पातळ नळी जळते आणि वरून साबूत दिसूनही आतून कच्ची राहते. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या हलू नयेत म्हणून टायरच्या मागून एक लोखंडी कमान फिरवून त्या एकमेकींना जखडल्या. सातपूरच्या एका लेथवाल्याने गनमेटलचे बुश करून दिले. आणि स्प्रिंग दबल्यावर बेडकासारखी नाचत राहू नये, म्हणून खिळींवर चामड्याच्या चकत्या घालून नट आवळले. चामड्याच्या घर्षणाने नाच थांबतो. जुन्या मोटारसायकलींना हीच युक्ती असे. सारा खर्च एकशे पंच्याऐंशी रुपये. त्यात काकांची मजुरी नाही. ती त्यांनी बांगड्यांत घेतली, लेकीसाठी.

पहिली स्वारी माझी. गंगापूर रोडच्या उतारावर मी सायकल सोडली. काय सांगू वाचकहो, खडीवरून जाताना हात हलेनात! मी मनात राजा झालो. तेवढ्यात खड्डा आला, चाक खाली गेले आणि ब्रेकला हात न लावता ते जागच्या जागी जखडले. पुढचे मला आठवत नाही. हनुवटीवरची खूण आजही आहे. वर्गातली मुले तिला लढाईतला वार समजतात आणि मी ती समजूत मोडत नाही.

कारण साधे होते आणि आम्हा दोघांनाही सुचले नव्हते. काळ्या सायकलचा पुढचा ब्रेक सळयांचा. मूठ दाबली की सळई वर ओढली जाते आणि रबरी गट्टू रिमला तारांच्या बाजूने, खालून वर टेकतात. ब्रेक चिमट्यावर पक्का आणि चाक मात्र आता वरखाली होणारे. चाक वर गेले की रिम गट्टूंपासून दूर. ब्रेक लागतच नाही. चाक खड्ड्यात खाली आले की रिम आपण होऊन गट्टूंवर येऊन बसते. ब्रेक नको असताना लागतो.

वडिलांनी माझी हनुवटी पाहिली. सायकल काकांच्या दारात नेऊन उभी केली आणि म्हणाले, “चिमटा काढा. माणूस मोडून बांगडी राखायची नाही.” काकांनी हात जोडून आठ दिवस मागितले. त्यांनी ब्रेकचे गट्टू त्या मागच्या कमानीवरच बसवले, म्हणजे चाक जाईल तिकडे ब्रेक जाईल. आणि सळईच्या जागी लुनाचीच वाकणारी केबल घातली. मग आठ दिवस स्वतः त्या सायकलवर पाण्याचे हंडे बांधून हिंडले. नवव्या दिवशी वडिलांच्या हाती दिली.

त्या रात्री वडील परतले ते हसत. मनगटे दुखत नव्हती. खडीवर ते उतरलेच नव्हते. आईने विचारले, “किती वाढल्या?” वडिलांनी पंचा सोडला, आणि परातीत नेहमीइतकेच तुकडे पडले. उलट दोन जास्तच.

मी रात्रभर तळमळलो. माणसाला सुख आणि मालाला नाही, हे कसे? सकाळी ओट्यावर बसून सायकलकडे पाहत असताना एकदम उलगडा झाला. पुढच्या कॅरिअरचे पाय चाकाच्या आसाला बांधलेले होते! म्हणजे वडील स्प्रिंगच्या वर आणि पेटी स्प्रिंगच्या खाली. धक्का नाहीसा झालाच नव्हता. बापाच्या मनगटांतून निघून सगळा काचेच्या वाट्याला आला होता. शिवाय पूर्वी वडील खडीवर उतरत, आता उतरले नव्हते. म्हणून ते दोन जास्त. काकांनी कॅरिअरचे पाय कापले आणि पेटीला चिमट्याच्या वरच्या भागात, स्प्रिंगच्या वर, घोडी करून दिली. अर्ध्या तासाचे काम.

जगात पुढे काय घडले ते थोडक्यात सांगतो. सुएझच्या भानगडीत १९५६ साली इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा ॲलेक्स मोल्टन हा मोटारींच्या रबरी स्प्रिंगांचा जाणकार सायकलकडे वळला आणि १९६२ साली त्याने लहान चाकांची, पुढे-मागे रबराची स्प्रिंग असलेली सायकल बाजारात आणली. डनलॉपने घालवलेली स्प्रिंग अशी परत आली. १९८९च्या सुमारास अमेरिकेत पॉल टर्नरने मोटारसायकलवरून धडा घेऊन हवा आणि तेल भरलेला चिमटा डोंगरी सायकलला बसवला. आज शहरातल्या पोरांच्या सायकलींवर दिसतात ते त्याचेच वंशज. आणि आसामातल्या कनक दास यांनी तर कमालच केली. खड्ड्यात दबलेल्या स्प्रिंगचे बळ मागच्या चाकाला देऊन सायकल पुढे ढकलण्याची युक्ती त्यांनी काढली. त्यांचा गौरव नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने केला. रस्ता वाईट आहे ना, मग त्याच्याकडूनच मजुरी वसूल करू, असा हा विचार!

आमचे नाशिकही आता सायकलवाल्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. इथले डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत जोडीने पुरी केली. लाखाच्या सायकली गंगापूर रोडवरून सुळकन जातात तेव्हा मला आनंदच होतो. पण त्याच रस्त्याने दुधाच्या कॅनचा, कुल्फीच्या पेटीचा, भांड्यांच्या हाऱ्याचा धनी जातो, त्याच्या काळ्या सायकलला मात्र अजून स्प्रिंग नाही. तिच्या जागी त्याचे हाड आहे.

वडिलांनी तो चिमटा अकरा वर्षे चालवला. दोनदा बुश बदलले, एकदा केबल. आता वडील नाहीत. चिमटा माझ्या वर्गात खिडकीशी टांगलेला आहे. इतिहासाच्या पहिल्या तासाला मी तो मुलांच्या हातात देतो आणि पेटी कुठे बांधाल, असे विचारतो. निम्मी मुले दरवर्षी खालीच बांधतात.

राहिली त्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी बहीण पणती लावून तुकड्यांचा डबा घेऊन बसली. थोड्या वेळाने रडवेली होऊन आईकडे आली. काचा संपल्या होत्या आणि माळ जेमतेम वीतभर झाली होती. देव्हाऱ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतही ती पोचेना.

आईने ती वीतभर माळ हातात घेतली, डोळ्यांना लावली आणि देवापुढे ठेवली. मग पेटीतून चार नव्या, अख्ख्या बांगड्या काढून तिने लेकीच्या हातात भरल्या. कासाराच्या घरात लेकीला नव्या बांगड्या मिळाल्याची माझ्या आठवणीतली ती पहिली दिवाळी.